डाव्या हाताची काजं

एकोणीसशे अडुसष्ट साल. त्या वर्षी थंडी लवकर आली होती आणि जायचं नाव घेत नव्हती. मी बावीस वर्षांची होते, माझ्या पर्समध्ये पुलापर्यंतच्या तिकिटापुरते पैसे होते, आणि भर बसमध्ये मी एका परक्या पुरुषाच्या छातीकडे टक लावून बघत होते.

आजच्या मुलींना यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या वेळी असं बघणं म्हणजे... असो. बघत होते हे खरं. बस खच्चून भरली होती, मी दांडीला धरून उभी होते, आणि कंडक्टर गर्दीतून वाट काढत नेमका माझ्या पुढ्यात येऊन थांबला. उंच, सावळा, कानांवरचे केस थोडे वाढलेले, भुवईवर एक जुनी खूण. पण हे सगळं मी नंतर पाहिलं. आधी पाहिली ती त्याच्या कोटाची काजं.

"कुठे जायचंय?" त्यानं चिमटा टकटकवत विचारलं.

मी मोजत होते. पहिलं काज, दुसरं काज, तिसरं...

"बाई, कुठे जायचं तेवढं सांगा. मग बघत बसा, मी काही बसमधून उतरत नाही."

मागच्या दोघी बायका फिसकन हसल्या. माझे कान तापले. पण तोंडातून जे निघायचं ते निघूनच गेलं.

"ही काजं माझी आहेत."

त्यानं स्वतःच्या छातीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "कोट कंपनीचा, बटणं कंपनीची," तो म्हणाला, "आत मी आहे, तो माझ्या आईचा. काजं तेवढी तुमची कशी?"

"मी केलीत. कॉलर वर करा. खाली सहावं असेल, गळा बंद करायचं. तेही असंच असेल."

"चालत्या बसमध्ये कॉलर वर करू?"

"करा ना," मागची एक बाई म्हणाली, "एवढी म्हणतेय तर."

त्यानं कॉलर वर केली. सहावं काज होतं. टाक्यांचा झोक उलटा, शेवटची गाठ भलत्या टोकाला. माझंच. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या कोटाला हात लावला... आणि मग कुठे मला कळलं की कोटाच्या आत माणूस आहे. हात मागे घेतला तेव्हा तो हसत नव्हता. नुसता बघत होता, आणि चिमटा वाजवायचा विसरला होता.

"पुलापर्यंत," मी म्हणाले.

आता काजांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी डावखुरी. उजव्या हाताची बाई काज जिथून सुरू करते, तिथे माझं संपतं. लोकरीच्या जाड कापडावर मशीन चालत नाही, सुई अडते, म्हणून चांगल्या कोटाची काजं हातानं करायची असतात. दोऱ्याला मेण लावायचं, भोकाची कड बांधून घ्यायची आणि एकाला एक चिकटून टाके घालत जायचं. माझे टाके मजबूत यायचे, पण सगळे उलट्या अंगाला झुकलेले. मालक रोज ओरडायचा. म्हणायचा, तुझी काजं बघून वाटतं कोट आरशात बघतोय. पण बटण त्यातून अडखळत नसे, म्हणून माल जात राहिला.

हा मालक म्हणजे शिवणकामाच्या एका कारखान्याचा. कारखाना म्हणजे दोन खोल्या, सहा मशीनं, आणि खिडकीपाशी हातकामाला आम्ही चौघी जणी. शहराच्या बससेवेचे नवे कोट शिवायचं मोठं काम त्याला मिळालं होतं. एका कोटाचं हातकाम एकीनंच करायचं, काजं, बटणं, अस्तर सगळं, म्हणजे चूक निघाली तर कुणाला धरायचं ते कळतं. रोज संध्याकाळी कुणी किती कोट पुरे केले ते कापणारा मास्तर पाटीवर लिहायचा. शनिवारी त्याप्रमाणे पैसे, आणि पैसे झाले की पाटी पुसायची. तिघींना दर शनिवारी मिळायचे. मला मालक म्हणायचा, तू नवीन आहेस, पहिला महिना शिकण्याचा. दुसऱ्या महिन्यात म्हणाला, साठू दे, एकदम घेतलेस तर कामाला येतील. त्याचं बोलणं असं गोड की नाही म्हणणाऱ्याला आपणच कद्रू आहोत असं वाटावं. चार महिने साठू दिले. आणि सगळे कोट गेले, तशी मीही गेले. पैसे मागायला गेले तर म्हणाला, कसले पैसे? तू तर शिकायला येत होतीस. शिकवल्याचे मी मागितले का?

पाटी तर पुसलेली. त्या तिघींची चूल त्याच्यावर चालत होती, त्या काय बोलणार. कामगार कचेरीतला कारकून म्हणाला, पुढच्या पंधरवड्यात बुधवारी सुनावणी लावतो, पण पुरावा आणा. नुसतं रडून इथे काही होत नाही. मी रडले नव्हते, हे मी त्याला सांगितलं. त्याच कचेरीतून मी परत येत होते, पुराव्याचा विचार करत, आणि पुरावा चिमटा वाजवत माझ्यापुढे येऊन उभा राहिला होता. पूल येईपर्यंत मी त्याला हे सगळं सांगून टाकलं.

घरी आई होती आणि मामांचं पत्र होतं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, खोलीचं भाडं तीन महिने थकलं होतं. मामांनी लिहिलं होतं, तिथे दोघी बायका काय करता, महिनाअखेर इकडे या. मुलीसाठी एक स्थळ पाहिलंय, माणूस सुस्वभावी आहे, पहिल्या बायकोपासूनची दोन मुलं आहेत, तीही सुस्वभावी आहेत. आईनं खाटेखालची ट्रंक ओढून मधोमध ठेवली होती. रोज त्यात एकेक वस्तू टाकायची. मी सांगितलं, पैसे मिळाले की भाडं भरू, कुठे जायची गरज नाही. आई म्हणाली, मिळाले की काढीन बाहेर. भरायला काय जातंय.

तात्पुरतं एका लाँड्रीत कपड्यांना नंबरांच्या चिंध्या टाचायचं काम मी धरलं होतं. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच बस आली. तोच कंडक्टर. मला बघितल्यावर त्यानं गर्दीतल्या दहा लोकांना टाळून आधी माझ्याकडे येणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो आठ जणांनाच टाळून आला.

"बावीस," तो म्हणाला.

"काय बावीस?"

"आमच्या डेपोत. सकाळी पाळी बदलताना एकेकाला उभं करून बघितलं. बावीस जणांची काजं उलटी." त्यानं टोपीतून तिकिटाचं एक चिटोरं काढलं. मागे बारीक अक्षरात बावीस बिल्ल्यांचे नंबर लिहिले होते. "आता आमच्याकडे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. सगळे छातीकडे बघतात. आमचा ड्रायव्हर तर म्हणतो, लग्नात बायकोनं एवढं निरखलं नव्हतं."

हा ड्रायव्हर म्हणजे भोंगा. नाव काही का असेना, सगळे त्याला भोंगाच म्हणत. रस्त्यावर कुत्रं दिसलं तरी हॉर्न आणि कुणी बोललं तरी हॉर्नपेक्षा मोठा आवाज. त्यानं पुढून ओरडून विचारलं, "काजंवाली आली का रे?" सगळी बस वळून बघायला लागली.

मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांना सांगितलंत?"

"पुरावा हवाय ना? मग लपवून कसं चालेल," तो म्हणाला. मग तिकीट देत, जरा खालच्या आवाजात... "पुलापर्यंतच का जाता? घर पुलापाशी आहे?"

घर पुलाच्या पुढे तीन थांबे होतं. ते मी सांगितलं नाही. पण बस पुढे गेली तेव्हा तो मागच्या दारात उभा राहून मला चालताना बघत होता. त्याला कळलं असावं. तो पुन्हा कधी विचारत बसला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून पुलाशी आल्यावर घंटी देण्याआधी तो थोडा थांबायचा. मी वळून बघेपर्यंत.

असे आठ दिवस गेले. रोज संध्याकाळी नवा आकडा. इकडच्या डेपोचे बावीस, मग पलीकडच्या डेपोतले सत्तर, मग नदीकाठचा डेपो. त्यानं दुपारच्या सुट्टीत जाऊन जाऊन तिथले कोट बघितले. अनोळखी ड्रायव्हरला सांगायचं, जरा कॉलर वर करा, हे सोपं काम नाही. एकानं त्याला ढकलूनही दिलं. शेवटचा आकडा एकशे त्र्याऐंशी. तो त्यानं मला सांगितला नाही. तिकिटाच्या मागे लिहून हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत राहिला, जसं काही रोजचंच तिकीट.

मला माझ्या कामाचा आकडा पहिल्यांदा कळत होता. एकशे त्र्याऐंशी माणसं माझे टाके लावून शहरभर हिंडत होती. मी पुलावरून घरी चालत नव्हते, उडत होते.

आणि उडता उडता घोळ घातला.

रविवारी मी मालकाच्या कारखान्यासमोरून जात होते. तो पायरीवर उभा होता. म्हणाला, काय मुली, मिळाला का पुरावा? म्हातारी माणसं म्हणतात ना, पोटात राहत नाही ते ओठात येतं. मी म्हणाले, तुमचे एकशे त्र्याऐंशी कोट गावभर फिरताहेत आणि प्रत्येकाची सहाच्या सहा काजं माझं नाव सांगताहेत. त्याचा चेहरा उतरला ते बघून मला असा आनंद झाला म्हणून सांगू... तो आनंद मला सोमवारी संध्याकाळपर्यंतच पुरला.

सोमवारी कंडक्टरनं तिकीट दिलं आणि माझ्याकडे न बघता पुढे गेला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, डेपोत सूचना लागली आहे. शिवणाऱ्यानं कंपनीला कळवलंय की काही कोटांची काजं सदोष आहेत, ती तो फुकटात नव्यानं करून देणार आहे. उद्या सकाळी त्याची गाडी येईल. कामावर येणाऱ्यांनी कोट तिथल्या तिथे जमा करायचे.

सुनावणी परवा होती. उद्या कोट गेले की परवापर्यंत सगळे टाके उसवलेले.

"त्याला कसं कळलं?" त्यानं विचारलं. आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला उत्तर मिळालं. "सुईत दोरा ओवताना तुम्हाला एवढा धीर असतो," तो म्हणाला, "तोंडाला का नाही?"

मी त्याच्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी नको ते बोलून बसले. म्हणाले, तुम्हाला कशाला त्रास, नाहीतरी पैसे मिळाले नाहीत तर महिनाअखेर आम्ही मामांकडे जाणार. त्यांनी स्थळही पाहिलंय.

पूल आला. निघायची घंटी दोनदा द्यायची असते. त्यानं तीनदा दिली. मग एकदा. भोंग्यानं पुढून बोंब ठोकली, "अरे, जायचं की थांबायचं, एक काय ते ठरव."

"तेच ठरवतोय," तो म्हणाला, पण इतक्या हळू की फक्त मला ऐकू आलं.

मंगळवारी सकाळी असं धुकं होतं की समोरचं झाड दिसेना. नळाचं पाणी गोठायचं बाकी होतं. मी थांब्यावर शाल लपेटून त्याच्या बसची वाट बघत उभी होते आणि एक बस आली. तिचा कंडक्टर दारात उभा होता, नुसत्या सदऱ्यावर. हात काखेत घालून, नाक लाल. मला वाटलं याचा कोट गेला. मग दुसरी बस. तिच्याही कंडक्टरला कोट नाही. तिसरीचा ड्रायव्हर दात वाजवत गाडी चालवत होता, अंगावर बायकोचा स्वेटर. सगळे गेले, सगळे...

मग आमची बस आली. तो पायरीवर उभा होता, सदऱ्याची गळ्यापर्यंत बटणं लावून, ओठ निळे पडलेले, आणि डोळे मात्र असे चमकत होते जसं काही त्याला कुणी खजिना दाखवलाय.

"कोट?" मी विचारलं.

"विसरलो," तो म्हणाला.

"सगळेच?"

"एकशे त्र्याऐंशी जण. एकाच दिवशी कोट घरी विसरले. मालकाची गाडी तिन्ही डेपोत फिरून रिकामी परत गेली. आमचे साहेब म्हणाले, ही काय साथ आहे? भोंगा म्हणाला, साहेब, थंडीनं डोकं चालत नाही, त्यात विसरायला होतं."

आणि तो शिंकला. सलग चार वेळा. मी माझी शाल काढून पुढे केली. त्यानं घेतली नाही. म्हणाला, तुम्हाला उद्या बोलायचंय, घसा सांभाळा. पण घेतली नाही तरी तो एक क्षण तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि मी घाईघाईनं पैसे काढले. पैसे देताना बोटं लागली. त्याची बर्फासारखी होती. माझी तिथेच थोडी जास्त राहिली, आणि ते मात्र थंडीवर ढकलता येत नव्हतं.

बुधवारी कामगार कचेरीत मालक आधीच येऊन बसला होता. कडक इस्त्रीचा कोट, हातात माझ्याच सरावाच्या चिंध्यांचं गाठोडं. अधिकारी म्हणजे एक किडकिडीत गृहस्थ, दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर. मालक म्हणाला, साहेब, मुलीसारखी आहे. शिकवलं ही माझी चूक. या बघा तिच्या सरावाच्या चिंध्या, विकायच्या मालाला मी तिला हात लावू दिला नाही.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, तुमचं म्हणणं काय? मी यादी पुढे ठेवली, बिल्ल्यांच्या नंबरांची. मालक हसला. म्हणाला, नंबर काय, मीही लिहून आणीन.

तेवढ्यात लाकडी जिन्यावर बूट वाजायला लागले. एक जोडी, दोन, पाच... थांबेचनात. कारकून दाराशी गेला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. पाळीतून ज्यांना सुटता आलं ते एकोणीस जण होते. सगळ्यांच्या अंगावर कोट. सगळ्यात पुढे तो, नाक लाल, गळ्याला मफलर, आणि शेवटी भोंगा. खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. कुणी सांगायच्या आधीच एकोणीस कॉलरी वर झाल्या.

अधिकारी खुर्चीतून उठले. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा कपाळावर. एकेकाच्या गळ्याशी वाकून बघत गेले. भोंग्याला गुदगुल्या झाल्या, तो हसला तेव्हा कपाटाच्या काचा वाजल्या.

"टाके उलटे आहेत हे खरं," मालक म्हणाला. "पण ते हिचेच कशावरून? उलटं काज कुणीही करेल."

"मग करून बघू," अधिकारी म्हणाले. माझ्याकडे वळले. "सुई आहे?"

सुई, दोरा, मेणाचा तुकडा माझ्या पर्समध्ये असायचेच. कापड नव्हतं. कचेरीत कागद सोडून काही नव्हतं. तेव्हा तो पुढे आला आणि कोटाची डावी कॉलर छातीवर सपाट करून म्हणाला, "इथे करा. इथे नाहीये."

मी म्हटलं, कंपनीचा कोट आहे, नासधूस केल्याचा दंड बसेल. तो म्हणाला, बसू दे. मी म्हटलं, काढून द्या तरी. तो म्हणाला, "ताप आहे. काढला तर अजून वाढेल."

कारकुनानं पेन्सिल तासायचं ब्लेड दिलं. मी त्याच्या छातीवरच्या त्या पट्टीत बारीक चीर दिली. आणि मग... वीस मिनिटं. एका चांगल्या काजाला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं माझा डावा हात त्याच्या हृदयावर होता. एकोणीस माणसं, एक मालक, एक अधिकारी, आणि तरी त्या खोलीत मला फक्त दोन आवाज येत होते. कापडातून दोरा ओढल्याचा आणि त्याच्या श्वासाचा. सुई टोचू नये म्हणून तो श्वास रोखून धरायचा आणि टाका झाला की सोडायचा. माझ्या कपाळावर यायचा तो. तापाचा, गरम.

"हलू नका," मी पुटपुटले.

"मी नाही हलत," तो तसाच पुटपुटला. "आत काहीतरी हलतंय, त्याला सांगा."

माझा एक टाका वाकडा पडला. आयुष्यात तेवढाच.

शेवटची गाठ मारून दोरा तोडायला कात्री नव्हती, आणि ब्लेड कारकुनानं कधीच परत नेलं होतं. दातांनी तोडायचा म्हणजे तोंड त्याच्या छातीपाशी न्यायचं. मी क्षणभर थांबले. भोंगा एकदाच आयुष्यात हळू बोलला, "तोड बाई, आमची पाळी सुरू होईल." मी तोडला. आणि त्याच वेळी कंडक्टरला शिंक आली.

अधिकाऱ्यांनी नवं काज बघितलं, मग त्याच कोटावरची जुनी सहा. झोक तोच, गाठ त्याच टोकाला, कड बांधायची रीत तीच. मालक म्हणाला, पण साहेब, ती शिकत होती.

"शिकणाऱ्या मुलीचे एकशे त्र्याऐंशी कोट तुम्ही पुऱ्या भावानं विकलेत," अधिकारी म्हणाले. "मग शिकवणी कुणी कुणाला दिली म्हणायची?" आणि त्यांनी खाली बसून हुकूम लिहिला. बाकीच्या कोटांची कंपनीकडून खात्री करून घ्यायची, आणि आठ दिवसांत सगळे पैसे याच कचेरीत भरायचे. खाली सही करायला मला सांगितलं. मी डाव्या हातानं सही केली. माझ्या हाताला त्या दिवसापर्यंत कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस तो बसवर दिसला नाही. भोंगा सांगायचा, ताप उतरला, खोकला आहे. साहेबांनी कोटाला भोक पाडल्याबद्दल लेखी विचारणा केलीय. त्यानं उत्तरात लिहिलंय, सरकारी कामासाठी पाडलं. आठव्या दिवशी मी कचेरीतून पैसे घेतले आणि निघाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला बसमध्ये बसायला जागा मिळाली, कारण खिडकीतल्या माणसानं शेजारी पिशवी ठेवून ती अडवून धरली होती. तोच. साध्या कपड्यांत, वर तो कोट. नवं काज रिकामं.

"आज सुट्टी आहे," तो म्हणाला. "जरा हवा खायला आलो."

"बसमध्ये?"

"दुसरीकडची मानवत नाही."

मी बसले. तिकिटं दुसराच कंडक्टर देत होता. तो म्हणाला, पुलापर्यंत ना? सगळ्या डेपोला माझा पूल माहीत झाला होता.

"शेवटच्या थांब्यापर्यंत," मी म्हणाले. "दोन."

"मी पास दाखवतो की," खिडकीतला म्हणाला.

"पास कामावर असताना. आज सुट्टी आहे ना? मग तिकीट लागतं." मी माझ्या पाकिटातून, माझ्या पगारातून दोन तिकिटांचे पैसे दिले. एक तिकीट मी पर्समध्ये ठेवलं. दुसऱ्याची सुरळी केली आणि त्याच्या कोटाच्या नव्या काजात खोचली. अगदी बरोबर बसली.

त्यानं ती बोटानं जरा आत सारली. मग विचारलं, "मामांकडे कधी निघताय?"

"पत्र टाकलं, येत नाही म्हणून. आईनं ट्रंक परत खाटेखाली सारली."

पूल आला. कुणी उतरलं नाही. बस पुढे निघाली आणि मी पहिल्यांदा पुलावरचा माझा रोजचा रस्ता वरून, खिडकीतून बघितला.

"तुम्हाला एक विचारू?" तो म्हणाला. "म्हणजे... तुम्ही नाही म्हणालात तरी मी या बसवर येणारच, नोकरीच आहे, तेव्हा तुम्हाला अवघड वाटायला नको..."

"तुमचा पगार वेळेवर होतो?"

तो गडबडला. "पहिल्या तारखेला."

"साठू देत नाहीत ना?"

"छे."

"मग विचारा," मी म्हणाले.

त्यानं विचारायच्या आधीच पुढून भोंग्याचा आवाज आला, "हो म्हणाली का रे?" आणि त्यानं इतका लांब हॉर्न वाजवला की रस्त्यातली माणसं कडेला पळाली. शेवटच्या थांब्यावर काहीच नव्हतं. एक मोकळं मैदान, एक नळ, वळणाऱ्या बसच्या चाकोऱ्या. आम्ही तिथे तासभर उभे होतो. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं असतं तर एवढं लक्षात राहिलं नसतं.

मामा लग्नाला आले, जेवले आणि रुसले. सुस्वभावी माणसाला पुढे दुसरी सुस्वभावी बायको मिळाली असं ऐकलं. आई आमच्याकडे चौदा वर्षं राहिली आणि प्रत्येक भांडणात जावयाच्या बाजूनं बोलली. अधिकारी बदलून गेले. नव्या गावाहून त्यांनी मला पार्सलनं एक कोट पाठवला, काजं करायला, आणि पैसे आधी पाठवले. भोंगा शेवटी ठार बहिरा झाला. आपण हळू बोलतो अशी त्याची मरेपर्यंत समजूत होती. त्या तिघींपैकी दोघी पुढे माझ्याकडे कामाला आल्या, कारण मी घरच्या दोन खोल्यांत स्वतःचं काम सुरू केलं होतं. माझ्याकडे पाटी नव्हती, वही होती, आणि ती पुसायची पद्धत नव्हती. मालकाचा कारखाना मोठा झाला. बारा वर्षांनी त्यानं माणूस पाठवला, लोकरीचे कोट आहेत, तुमच्यासारखी काजं कुणी करत नाही. मी म्हटलं, पैसे आगाऊ. त्यानं मुकाट्यानं दिले, आणि मी त्याला माझी सगळ्यात सुंदर उलटी काजं करून दिली.

आमचे हे तपासनीस होऊन निवृत्त झाले. गणवेश बदलला तेव्हा जुने कोट परत द्यायचे होते. ह्यांनी हरवला म्हणून दंड भरला. कोपरं गेलीत, अस्तर विरलंय. त्या सातव्या काजात ते सुरळी केलेलं तिकीट अजून आहे, छापलेलं सगळं उडालंय.

रविवारी आम्ही दोघं अजून बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जातो. तिथे आता मैदान नाही, दुकानं आहेत. आमच्या वयाला प्रवास फुकट झालाय. तरी मी पैसे काढते आणि दोन तिकिटं मागते. कंडक्टर आता एक मुलगी आहे, वेणी घातलेली, चटपटीत. गेल्या रविवारी ती म्हणाली, "आजी, तुम्हाला लागत नाही तिकीट."

हे खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "देऊन टाक ग पोरी. तिच्या पगाराचं आहे."